जूनमध्ये घरात पैसा नाही, अन् भाऊ म्हणते मी कामाले जातो, तू शिक

वावरातली_पोर (राळेगाव तालुका, यवतमाळ)

नमस्कार सगळ्यांना. मी पहिल्यांदाच इथं लिहून राहिली, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव तालुक्यापासून 11 किलोमीटर आत आहे. यंदा मी बारावी सायन्स पास झाली, 66 टक्के. माझा लहाना भाऊ दहावी झाला, त्याले 71 टक्के. दोघांचे पेढे आईनं एकदमच वाटले आणि त्याच रात्री बाबा ओट्यावर बसून हिशोब करत होते ते मी पाहिलं.

घरी पाच एकर कोरडवाहू आहे. तीन एकर पऱ्हाटी (कपाशी), दोन एकरात सोयाबीन अन् तूर. मागच्या, 2024-25 च्या हंगामात कापूस 14 क्विंटल झाला. हमीभाव 7521 होता पण दिवाळीनंतर लगेच पैसे पाहिजे होते म्हणून बाबांनी गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याले 6900 नं दिला. सोयाबीनचा हमीभाव 4892 होता, आमचं गेलं 3900 नं. त्यातून निंदणाची मजुरी, वेचाई, फवारणी, कृषी केंद्राची उधारी सगळं वजा केलं तर होळीपर्यंत घरात काहीच उरत नाही. आता पुन्हा सरकीची पाकिटं 901 रुपयाचं एक अशी सहा आणली, डीएपीची बॅग 1350 ची, तीही चार पाहिजे. सोसायटीचं जुनं कर्ज थकलं आहे म्हणून नवीन भेटलं नाही, मामाकडून आणले पैसे.

आणि कॉलेजच्या अॅडमिशनी नेमक्या याच दिवसात असतात.

भाऊ परवा जेवताना म्हणे, मी अकरावीले नाव टाकत नाही, बाजूच्या गावचा ठेकेदार पुण्याकडं चाकणले कंपनीत पोरं नेऊन राहिला, महिन्याले 15 हजार देते म्हणते, मी जातो अन् ताईले शिकू द्या. त्यानं हे इतकं साधं म्हटलं जसं काही दुकानातून मीठ आणतो म्हणते. तो 16 वर्षाचा आहे. आई काहीच बोलली नाही, बाबा ताटावरून उठून गेले. तेव्हापासून मले जेवण जात नाही.

मले बीएससी अॅग्री करायचं आहे. सीईटी दिली, 61 पर्सेंटाईल आले. काऊन अॅग्री ते सांगते. 2017 मध्ये मी पाचवीत होती. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती अन् आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करता 20 च्या वर माणसं मेली, तुम्हाला आठवत असेल. माझे बाबा दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवाराले गेले होते. संध्याकाळी घरी आले, ओट्यावर बसले अन् पाण्याचा गडवा समोर ठेवला होता तरी हात बाजूलाच फिरवत होते, त्याईले दिसत नव्हतं. मी गडवा उचलून त्यांच्या हातात दिला. सहा दिवस दवाखान्यात होते, वाचले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे की कोणती दवाई कशात मिसळायची नाही, किती टाकायची, तोंडाले काय बांधायचं, हे गावात कोणीतरी आपल्यातलं सांगणारं पाहिजे. आमच्या इथं हे सगळं कृषी केंद्रवाला सांगते अन् तो विकणारा आहे.

पण भावाच्या पैशावर मी शिकायचं का? त्याचं काय? मी बीए लावून घरी राहू अन् त्याले शिकवू का? दोघांचंही होईल असं काही असते का? माझी पोरींची निळी एसटी बसही आता बंद होणार, ती बारावीपर्यंतच फुकट होती. प्लीज खरं खरं सांगा.

परतून_आलेला (दारव्हा)

ताई, तुझी पोस्ट वाचून मी कामावरून आल्याबरोबर लिहायला बसलो, हात पण धुतले नाही. तुझा भाऊ जे करतो म्हणते ते मी केलं आहे. 2018 मध्ये गेलो, 17 वर्षाचा होतो, बहिणीचं लग्न होतं म्हणून. त्याले हे वाचून दाखव.

15 हजार कसे असतात ते सांगतो. महिना भरला तर 15, एक खाडा झाला की दोन दिवसाचे कापतात. त्यातून ठेकेदार पहिल्या महिन्याचे ठेवून घेते डिपॉझिट म्हणून. रूम आम्ही सात जण मिळून घेतली होती, एकाले दोन हजार. मेस तीन हजार. सेफ्टी शूज आपल्या पैशानं. गावी यायचं म्हटलं तर ट्रॅव्हल्सचं तिकीट दिवाळीत दुप्पट. मी सुरुवातीचे चार महिने घरी काहीच पाठवू शकलो नाही अन् मग कधी चार हजार कधी पाच हजार. म्हणजे घरचे समजतात पोरगा 15 कमावते अन् पोरगा रात्री मेसचा डबा अर्धा सकाळसाठी ठेवते.

आणि वयाचं. 18 च्या आत कंपनीच्या गेटमध्ये घेत नाही, तर ठेकेदारानं माझ्या आधारच्या झेरॉक्सवर जन्मसाल बदललं. मले तेव्हा वाटलं किती चांगला माणूस आहे, आपलं काम करून दिलं. मग आठव्या महिन्यात प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताच्या करंगळीचं पेर गेलं. दवाखान्यात नेलं, टाके घातले, आणि नंतर विचारलं तर कागदावर मी तिथं नव्हतोच, जो होता त्याचं वय वेगळं, त्यामुळे एक रुपया भेटला नाही. कोणाले सांगता पण आलं नाही कारण खोटा कागद माझाच होता. हे भाऊला नीट सांग. तो कागद ज्या दिवशी देते त्या दिवसापासून त्याले आपला हक्क मागणं अवघड होते.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, कसाबसा ट्रकमध्ये बसून गावी आलो ते परत गेलो नाही. 20 व्या वर्षी आयटीआय इलेक्ट्रिशियन लावलं. वर्गात सगळे 16 चे, मी एकटाच दाढीवाला. आता सोलर पंप बसवायचं काम करतो, मागेल त्याला सौर कृषी पंप वाली जी योजना आली 2024 मध्ये तिचं इकडे भरपूर काम आहे, खड्डे, स्ट्रक्चर, पॅनल, कंट्रोलर. दारव्हा, दिग्रस, नेर पट्ट्यात फिरतो अन् रात्री घरी येतो. आईच्या हातचं खातो. पैसा चाकणएवढाच पडते कधी जास्त. जे 20 व्या वर्षी केलं ते 16 व्या वर्षी केलं असतं तर करंगळी राहिली असती.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

बेटा, मी 29 वर्षे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला, त्यामुळे तुझ्या भावाबद्दलच लिहितो, तुझ्याबद्दल कृषीचे जाणकार लिहितील.

71 टक्के आणि दहावीला गणित-विज्ञान, म्हणजे त्याला इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन कुठलाही दोन वर्षांचा ट्रेड मागता येतो. शासकीय आयटीआयची फी खाजगीच्या मानाने फारच कमी असते आणि तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय असल्यामुळे 11 किलोमीटर जाऊन येऊन करता येईल, खोली लागणार नाही. एसटीचा सवलतीचा पास निघतो. ऑनलाईन फॉर्म भरला नसेल तरी घाबरू नका, मुख्य फेऱ्या झाल्यावर संस्थेच्या पातळीवर समुपदेशन फेरी असते, पण त्यासाठी रोज आयटीआयच्या नोटीस बोर्डवर लक्ष ठेवावं लागतं, फोन करून कोणी सांगत नाही.

आता महत्त्वाचं, कारण बरेच पालक मला हेच विचारायचे की आयटीआय केलं तर बारावी गेली का? नाही गेली. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड आणि सोबत बोर्डाचे भाषेचे दोन विषय पास केले तर बारावीची समकक्षता मिळते. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माझ्या हाताखालचा एक विद्यार्थी सेलू तालुक्यातला, वडील सालगडी होते, या वाटेने गेला आणि आज इंजिनिअर आहे. वेळ लागला, पण मध्ये तो शिकाऊ म्हणून कमवत होता आणि घरी पैसे देत होता.

शिकाऊ उमेदवारीचं सांगतो. 1961 चा कायदा आहे, आयटीआय झाल्यावर एक वर्ष कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतात, विद्यावेतन देतात, शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. आपल्या विदर्भात यासाठी जागा कमी नाहीत. वणी, चंद्रपूर, उमरेडच्या कोळसा खाणी, कोराडी आणि चंद्रपूरची औष्णिक केंद्रं, भंडारा आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणी, महावितरणची मंडळ कार्यालयं, बुटीबोरी एमआयडीसी. ठेकेदाराच्या माणसाला जे शूज स्वतःच्या पैशाने घ्यावे लागतात ते शिकाऊला संस्थेकडून मिळतात, आणि त्याचं नाव पोर्टलवर असतं, अपघात झाला तर तो तिथे होता याची नोंद असते. महावितरणने 2023 च्या शेवटी विद्युत सहाय्यकाच्या 5347 जागांची जाहिरात काढली होती, त्यात इलेक्ट्रिशियन-वायरमनच लागतात. सगळ्यांना लागेल असं मी म्हणणार नाही, स्पर्धा फार आहे, पण प्रमाणपत्राशिवाय त्या रांगेत उभंच राहता येत नाही.

एक काम आजच करा. त्याचं आधार, दहावीची मार्कशीट आणि टीसी समोरासमोर ठेवा आणि नावाचं एकेक अक्षर जुळवा. आईच्या नावातला एक काना इकडे तिकडे असला तरी मुलं आठ आठ दिवस फिरतात.

अॅग्रीवाली_ताई (मंगरूळपीर, वाशीम)

आधी मिठी घे. मी पण कोरडवाहूवाल्याचीच मुलगी, 2022 ला बीएससी अॅग्री पूर्ण केलं, आता एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. तुझं गडव्याचं वाचून मला रडू आलं.

तर ऐक. 61 पर्सेंटाईलला अकोला विद्यापीठाच्या सरकारी कॉलेजला किंवा नागपूरच्या 1906 च्या जुन्या कॉलेजला लागणं कठीण आहे, खोटं सांगत नाही. पण डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला जोडलेली खाजगी कॉलेजं आहेत तिथं लागू शकतं. आणि तू मुलगी आहेस ना, 8 जुलै 2024 चा जीआर आहे, घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, खाजगी कॉलेजला सुद्धा. अट एकच, कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून अॅडमिशन पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की गेलं. गावात कोणी एजंट येऊन म्हणेल डायरेक्ट करून देतो, त्याच्या नादी लागू नको.

7/12 असलेल्या घरच्या मुलांना अॅग्रीच्या मेरिटमध्ये जादा गुण मिळतात, त्यासाठी जमिनीचा दाखला लागतो, तो विसरू नको, 61 वाल्यांना तोच वर नेतो.

आता कागदं, कारण मुली मार्कानं कमी आणि कागदानं जास्त अडकतात हे मी डोळ्यानं पाहिलं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर, जातीचा दाखला आणि जात पडताळणी. तू ओबीसी असशील तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आजोबा पणजोबांचा. आमच्या घरी कोणाकडे शाळेचा दाखला नव्हता, आजोबा शाळेतच गेले नव्हते. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल काढली, जन्ममृत्यूच्या नोंदीची. पिवळं पडलेलं पान, शाईनं लिहिलेलं, त्यात माझ्या पणजोबांच्या नावापुढे मुलगा जन्मला अशी एक ओळ आणि जात. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. ती एक ओळ नसती तर मी आज काय करत असती माहीत नाही. त्यासाठी मी आणि बाबा चारदा गेलो तहसीलला, चौथ्यांदा सापडलं. म्हणून म्हणते आत्ताच जा.

राहायचं. फी माफ झाली तरी होस्टेल आणि मेस माफ नसते, इथंच मुली गळतात. ओबीसी मुलामुलींची सरकारी वसतिगृहं आता बऱ्याच जिल्ह्यांत सुरू झाली आहेत. तिथं नंबर नाही लागला तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे, जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला 43 हजार. एससी असशील तर स्वाधार, एसटी असशील तर स्वयं. पण हे पैसे जुलैत येत नाहीत. कधी दिवाळीनंतर येतात, कधी पुढच्या वर्षी. मला माझ्या वेळेस शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता सेकंड सेमिस्टरमध्ये आला होता. पहिले सहा महिने कसे काढायचे हा खरा प्रश्न आहे, तो तुझ्या पोस्टमध्ये तू बरोबर धरला. माझ्या वेळेस आईनं बचत गटातून 20 हजार उचलले, शेकडा दोन रुपयानं, आणि मी ते शिष्यवृत्तीचे पैसे आल्यावर फेडले. कॉलेजला पण बोलायचं असतं, प्रिन्सिपलला लेखी अर्ज दे की शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत इतर फी हप्त्यानं घ्यावी. तोंडी बोलू नको, अर्ज दे आणि पोच घे.

अभ्यासिका_अमरावती

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी पण बीएससी अॅग्री आहे, 2019 बॅच. आमच्या वर्गातल्या 60 पैकी अर्धे अजून एमपीएससी, आयबीपीएस करत आहेत, अमरावतीत अभ्यासिकेत सकाळी सात ते रात्री अकरा. कृषी सेवकाची जाहिरात वर्षानुवर्षं येत नाही आणि आली की हजारो फॉर्म. मी 28 चा झालो. घरून अजून तीन हजार येतात महिन्याला आणि ते घेताना दर वेळी मान खाली जाते. ज्या ताईला घरी मदत करायची घाई आहे तिने जीएनएम नर्सिंग करावं असं मला मनापासून वाटतं. तीन वर्षांत हाताला काम, नागपूरला, यवतमाळला, सेवाग्रामला कुठंही. डिग्रीच्या नावावर चार वर्षं आणि नंतर अभ्यासिकेची पाच वर्षं असं नऊ वर्षांचं गणित मांडून बघा.

अॅग्रीवाली_ताई

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, माझ्याही वर्गातले आहेत तसे, आणि तुमची तीन हजाराची गोष्ट मी समजू शकते. पण मला वाटतं चूक डिग्रीची कमी आणि आपण सगळ्यांनी सरकारी नोकरी हे एकच दार धरून ठेवलं त्याची जास्त आहे. मी पण दोन वर्षं फॉर्म भरले. मग चौथ्या वर्षाच्या रावेमध्ये (गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायचा असतो ते) ज्या गावात राहिली होती तिथल्याच लोकांनी बोलावलं. तेव्हा मी एका काकांच्या पऱ्हाटीत डोमकळी तोडून दाखवली होती, पाकळ्या गुलाबासारख्या मिटलेल्या, आत गुलाबी अळी. ते 30 वर्षं कापूस पेरतात, डोमकळी हजार वेळा बघितली पण आत काय असते ते उघडून कधी बघितलं नव्हतं. मग अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावले, दोन फवारण्या वाचल्या त्यांच्या. आज बीजोत्पादन, माती परीक्षण, हळदीची प्रतवारी, गोदाम, पीक विमा, बँकेचे कृषी अधिकारी, कितीतरी जागी ही मुलं लागतात, पगार सुरुवातीला कमी असतो, 15-18 हजार. पण ही मुलगी ज्या कारणासाठी जाऊन राहिली ते कारण सरकारी जागेची वाट बघत नाही.

नर्सिंगचं तिला आवडत असेल तर जरूर करावं. पण हाताला काम लवकर म्हणून जाऊ नये, रात्रपाळी आवडीशिवाय निघत नाही, माझी मामेबहीण सोडून आली.

भरती_मैदान (पांढरकवडा)

भाऊले पोलीस भरतीचं कोणी अजून बोललं नाही म्हणून सांगतो. बारावी पास पाहिजे, 18 पूर्ण, उंची 165, मैदान 50 मार्काचं अन् लेखी 100 चं. सोळाशे मीटर पाच मिनिट दहा सेकंदाच्या आत काढायचं. आम्ही 14 पोरं हायवेच्या सर्व्हिस रोडवर पहाटे चारले पळतो. माझे दोन अटेम्प्ट गेले, मागच्या वेळी दोन मार्कानं. पण तुझ्या भावानं आयटीआयच करावं अन् सोबत पळावं. मी फक्त पळलो, दुसरं काही हातात ठेवलं नाही, आता 23 चा आहो अन् पावसाळ्यात रोजानं जातो. निदेशक सर म्हणतात तसं बारावी समकक्ष झाली तर दोन वर्षांनी तो दोन्हीकडे चालते.

जुना_कास्तकार (हिंगणघाट)

बाई, मी काही शिकेल माणूस नाही, नातू टाईप करून रायला, मी बोलतो.

तुया बाप ताटावरून उठून गेला त्याचं वाईट नको मानू. मी उठलो हाय असा. 2011 साली माही पोट्टी बारावीत 70 टक्क्यानं पास झाली होती, तिले डीएड करायचं होतं, जून महिना होता, घरात सरकी घ्याले पैसे नव्हते त तिच्या फीचे कुठून आणू. म्हटलं पुढच्या साली टाकू. पुढच्या साली सोयरीक आली, चांगलं घर होतं, लगन करून टाकलं. ती सुखात हाय. पण तिच्या पोरीची पहिलीची मार्कशीट दाखवाले आली तेव्हा मले म्हणे, बाबा, इले जूनमध्ये थांबवाचं नाही. दुसरं काही नाही बोलली.

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत केली. जानेवारीत सारा कापूस विकाचा नाही. दोन क्विंटल मागच्या खोलीत ठेवाचा, लेकरायच्या नावाचा. बायको म्हणे उन्हाळ्यात अंगाले खाज सुटते, पोट्टे रातभर खाजवतात, अन् कापूस घरात असला की त्याची जे खाज सुटते ते ज्याच्या घरी ठेवला त्यालेच माहीत. तरी ठेवला. चूल लांब नेली, खोलीत बिडी पेटवू नाही दिली कोणाले. मे महिन्यात विकला, त्या पैशात कोणी हात घालाचा नाही, सरकी नाही, खत नाही, लगनाचा आहेर नाही. भाव वर गेला तरी ठीक, पडला तरी ठीक. लहान्या पोराचं पॉलिटेक्निक त्याच्यावर झालं तीन वर्षं.

यंदा तुयाकडे तो कापूस नाही, मले मालूम हाय. यंदा बचत गट नाहीतर मामा, जसं त्या बाईनं सांगतलं तसं. पण येत्या दिवाळीले बापाले हे सांगजो. तो ऐकन. अन् भावाले म्हण की बापाच्या डोक्यावरचा भार कमी कराचा असंल त वावरात पेरणीले राह्य, डवरं धर, अन् मंग आयटीआयले जा. चाकणले जाऊन बापाचा भार कमी होत नाही, झोप जाते बापाची.

वावरातली_पोर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. चार दिवस उत्तर नाही देऊ शकली, पाऊस आला अन् पेरणी लागली. सरकी मीच टोबली यंदा आईसोबत, सगळ्या तीन एकरात.

दारव्ह्याच्या दादांची पोस्ट मी भावाले मोबाईल देऊन वाचाले लावली. त्यानं दोनदा वाचली, करंगळीजवळ येऊन थांबला, मग मोबाईल उलटा ठेवून बाहेर निघून गेला. संध्याकाळी मले म्हणे ठेकेदारानं माझ्याकडून पण आधारची झेरॉक्स नेली आहे. आम्हाले कोणाले माहीत नव्हतं. बाबा त्याच वेळी गाडी काढून त्या गावाले गेले अन् झेरॉक्स परत घेऊन आले, काय बोलले तिथं ते सांगितलं नाही, आणली अन् चुलीत टाकली.

निदेशक सरांनी सांगितल्यासारखं कागदं समोरासमोर ठेवले. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव बरोबर आहे, टीसीवर एक अक्षर चुकलं आहे. शाळेत अर्ज दिला. आयटीआयमध्ये भाऊ अन् मी दोघं जाऊन आलो, समुपदेशन फेरीची तारीख बोर्डावर लागली की फॉर्म भरू, इलेक्ट्रिशियन पहिलं टाकू वायरमन दुसरं. तिथं वर्कशॉपच्या खिडकीतून त्यानं आत पाहिलं, एक पोरगा लाकडी बोर्डावर वायरिंग करून बल्ब लावत होता अन् तो पेटेपर्यंत माझा भाऊ तिथून हलला नाही.

माझं कॅपचं अजून चालू व्हायचं आहे. अभ्यासिकेतले दादा, तुमचं मी वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं, लपवलं नाही. मले अॅग्रीच करायचं आहे, पण नऊ वर्षाचं गणित मी वहीत लिहून ठेवलं आहे आणि चौथ्या वर्षी ते उघडून बघीन. नर्सिंग मले जमणार नाही, बाबांचे ते सहा दिवस मी वॉर्डात पाहिले आहेत.

कापूस ठेवायचं आईले सांगितलं. आई म्हणे दोन नाही जमणार, एक क्विंटल ठेवू, मागच्या खोलीत तुरीची चुंगडी असते तिथं. बाबा ऐकत होते, नाही म्हटलं नाही.

ताई, एक विचारायचं होतं. कोतवाल बुकाची नक्कल काढाले गेलं तर अर्जात पणजोबांचं नाव लिहायचं की आजोबांचं? पणजोबांचं नाव बाबांना पक्कं माहीत नाही, मोठी आत्या आर्वीले असते तिले फोन केला तर ती एक सांगते अन् बाबा दुसरं. सोमवारी तहसीलले जातो आम्ही, बाबांचं खत आणायचं काम आहे त्याच दिवशी. त्याच्या आधी सांगितलं तर बरं होईल.

अॅग्रीवाली_ताई

दोन्ही नावं लिही, आणि गावाचं जुनं नाव वेगळं असेल तर ते पण. साल नक्की माहीत नसेल तर आजोबांचं अंदाजे वय लावून पाच वर्षं मागची पाच वर्षं पुढची माग. आत्याला विचार तिच्या लहानपणी घरात कोणी जन्मलं कोणी गेलं, त्या नोंदी पण त्याच बुकात असतात आणि त्यावरून पणजोबांचं नाव पक्कं होतं. सकाळी दहाला पोच, बाराच्या आत. रेकॉर्ड रूमवाले दुपारनंतर पुस्तक काढत नाहीत. सापडलं की मला इथं कळव.